पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरील शेगडी

गतवर्षी दिवाळीच्या सुटीत लष्करातील आमच्या एका सभासद कुटुंबात पुण्याहून नातू आला होता. वय बारा-तेरा वर्षांचे, स्वभाव सालस, आजीचे बोट सुटले तरी तिच्याबरोबर पहाटे काकडआरतीस येणारा. एके दुपारी आजी त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. पाहतात तो संगणकाच्या पडद्यावर एक शेगडी धडधडून पेटलेली; मुलगा एकामागून एक खेळणी तीत टाकीत आहे; काही खेळणी जळताना किंचाळत आहेत, आणि मुलगा खुदुखुदु हसत आहे. आजी म्हणाल्या, "अरे, ते ओरडतंय ना! मग जाळतोस कशाला?" नातू मागे न पाहताच म्हणाला, "आजी, ते खरं नाही गं. आणि मी जाळत नाहीये, कोडं सोडवतोय."

हे उत्तर आजींना पटले नाही, आणि खोडून काढताही येईना. त्याच सायंकाळी आरती आटोपल्यावर त्यांनी सभामंडपात आम्हांला गाठले. "तुम्ही पत्रिकेत लिहिता ना? मग एकदा एवढं लिहा. ज्यात जीवच नाही, त्याला जाळण्यात पाप आहे की नाही?"

प्रश्न लहान असला तरी उत्तर सोपे नाही. "आजकालच्या मुलांचे खेळच वाईट" असे म्हणून मोकळे होणे सोपे. "खेळ तो खेळ, त्यात पाप कसले" असे म्हणून मान हलविणेही तितकेच सोपे. दोन्ही उत्तरे प्रश्न न ऐकताच दिलेली आहेत. म्हणून आम्ही त्या मुलाच्या शेजारी दोन संध्याकाळ बसलो, खेळ त्याच्याकडून समजून घेतला, शेवटपर्यंत पाहिला, आणि मग विचारास लागलो.

त्या खेळाचे नाव 'लिटल इन्फर्नो'. अमेरिकेतील 'टुमारो कॉर्पोरेशन' या अगदी लहान मंडळीने तो २०१२ साली प्रसिद्ध केला. त्या मंडळीतील काइल गॅबलर यांचा हात यापूर्वी २००८ साली निघालेल्या 'वर्ल्ड ऑफ गू' या खेळातही होता. त्यात चिकट गोळ्यांचे, बाळासारखे कुतूहल असलेले जीव एकमेकांस जोडून पूल आणि मनोरे उभारावयाचे असतात. भार, तोल आणि ताण यांचे पदार्थविज्ञानातील नियम तेथे जसेच्या तसे चालतात. जे गोळे नळीपर्यंत पोहोचतात ते एका कारखान्याच्या पोटात जातात, आणि हे सर्व अत्यंत गोड संगीताच्या साथीने घडते. हसता हसता अंगावर काटा यावा अशी ही जात आहे. 'लिटल इन्फर्नो' त्याच जातीचा.

या दुसऱ्या खेळात खेळणारा एका भिंतीतील शेगडीसमोर बसलेला असतो. बाहेरचे जग गोठत चालले आहे, बर्फ थांबत नाही, म्हणून घरोघरी मुलांना ही शेगडी दिलेली आहे. यादीतून खेळणी मागवावयाची, ती पोचेपर्यंत थांबावयाचे, आली की जाळावयाची. प्रत्येक वस्तू आपापल्या वजनाने पडते, आदळते, आपापल्या परीने पेट घेते, फुटते, उडते. जाळल्यावर तिच्यातून नाणी निघतात, आणि ती वस्तूच्या किमतीहून अधिक असतात. त्या नाण्यांनी पुन्हा खेळणी मागवावयाची. कोडे असे की कोणत्या वस्तू एकत्र जाळाव्यात याचे केवळ सूचक नाव दिलेले असते. 'सायकलवरचा चाचा' असे सुचविले, तर लाकडी सायकल आणि चाच्याची बाहुली बरोबर टाकावयाची. 'सिनेमाची रात्र' म्हटले, तर दूरदर्शन संच आणि मक्याचे कणीस, म्हणजे लाह्या फुटतात. अशी ९९ कोडी आहेत. मुलगा म्हणाला ते खरे होते: तो कोडेच सोडवीत होता.

हा खेळ खेळलेल्यांची मतेही आम्ही जाणून घेतली. ती एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. काहींचे म्हणणे असे, की हा खेळच नव्हे. जाळा, थांबा, पुन्हा जाळा, यापलीकडे त्यात काही नाही, चार घटकांत संपतो, आणि दिलेले पैसे वाया जातात. दुसरे म्हणतात, अहो, तोच तर विनोद आहे! जे खेळ माणसाला ताटकळत ठेवून त्याच्या खिशात हात घालतात, त्यांची ही थट्टा आहे. या खेळात मात्र एकदा विकत घेतल्यावर पुन्हा खरा पैसा कोणी मागत नाही. तिसऱ्या वर्गाला ज्वाळांची मौज वाटते, ते अर्थाच्या फंदात पडत नाहीत. आणि काहीजण असे आहेत, की जे हसत हसत खेळावयास बसले आणि शेवटी गप्प झाले.

शेवट असा आहे. शेजारच्या घरात 'शुगर प्लम्प्स' नावाची एक मुलगी आहे. ती पत्रे पाठविते, लहानसहान वस्तू मागते, पुष्कळ बोलते. एके दिवशी तिचे घर जळून जाते. पुढे खेळणाऱ्याचेही घर जळते, आणि तो प्रथमच शेगडीकडे पाठ करून बाहेर, बर्फात पाऊल टाकतो. रस्त्यावरील माणसे त्याला तेव्हा प्रथम दिसतात. थंडी कायम आहे. मागे परतण्यास घर नाही.

एकाच खेळाविषयी ही चार मते. प्रत्येकजण पडद्यावर तेच पाहत होता, तीच खेळणी जाळीत होता. मग फरक कोठे पडला? येथे आम्हांला आपल्याच ग्वाल्हेरशी निगडित असलेली एक जुनी कथा आठवली.

पंधराव्या शतकात तोमर राजांच्या काळी, गोपाचलाच्या कड्यांत तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या जात होत्या, त्या काळात या नगरीत रइधू नावाचा अपभ्रंश भाषेचा मोठा कवी होऊन गेला. त्याने यशोधर राजाचे चरित्र रचले. त्याच्याही आधी वीरमदेव तोमराच्या कारकीर्दीत पद्मनाभ कायस्थ याने तीच कथा ग्वाल्हेरीस संस्कृतात लिहिली होती. कथा त्याहून पुष्कळ जुनी. सोमदेव सूरींनी ती दहाव्या शतकात सांगितली आहे. परंतु एकाच नगरात दोन कवींना ती पुन्हा सांगावीशी वाटली, यावरून तिने येथील माणसांच्या मनास किती घेरले असेल याची कल्पना येते.

यशोधर हा उज्जयिनीचा राजा. त्याच्या मनात वैराग्य उपजले. मातेने आग्रह धरला, की अरिष्ट टळावे म्हणून देवीला पशुबळी द्यावा. राजाने हिंसेस नकार दिला. मातेचा हट्ट सुटेना, पुत्राचा निश्चयही सुटेना. तेव्हा तडजोड निघाली. पिठाचा कोंबडा करावा आणि तो देवीपुढे कापावा. जीव जाणार नाही, आणि मातेचे मनही मोडणार नाही. राजाने तसे केले. आणि त्या पिठाच्या कोंबड्यापायी माय-लेकरांस मोर, कुत्रा इत्यादी पशुयोनींत जन्मामागून जन्म घ्यावे लागले. कित्येकदा तर ती दोघे स्वतःच बळी झाली.

आजच्या वाचकास ही शिक्षा अतिशय कठोर वाटेल. पिठाचा गोळा तो! त्यात रक्त नाही, वेदना नाही. कन्नड कवी जन्न याने १२०९ साली हीच कथा काव्यात लिहिली. त्यात शस्त्र पडताच तो पिठाचा कोंबडा आरवतो. आजींचे "अरे, ते ओरडतंय ना!" हे शब्द आम्हांला येथेच पुन्हा ऐकू आले.

जैन आचार्यांनी हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: घरकामात अजाणता घडणारी, उद्योगधंद्यात घडणारी, स्वसंरक्षणार्थ घडणारी, आणि जाणूनबुजून, मारावयाचेच असे ठरवून केलेली, अर्थात संकल्पी. यशोधराचा दोष या शेवटच्या प्रकारात मोडतो, कारण पिठावर शस्त्र उगारताना मनात जो आकार होता तो कोंबड्याचा होता. आमच्या मते कथेचे मर्म याहून थोडे खोल आहे. राजाला हिंसा नको होती, परंतु हिंसेचे फळ हवे होते. बळीचे पुण्य पदरी पडावे आणि बळीचे पाप मात्र लागू नये, असा त्याचा बेत होता. खोटी वस्तू त्याने वापरली ती खऱ्या लाभासाठी. त्याच्या हाती पीठ होते. मनातील देवघेव मात्र अस्सल होती.

आता कोणी म्हणेल, की असे असेल तर आपण सर्वच दोषी ठरू. वास्तुशांतीस आपण कोहळा देतो, देवापुढे नारळ फोडतो. दसऱ्यास कागदाचा आणि बांबूचा रावण जळतो तेव्हा सारे ग्वाल्हेर टाळ्या पिटते. आणि या प्रांतातील टेसू कोण विसरेल? तीन काड्यांच्या तिकटीवर मातीचे मुंडके बसवून, दिवा लावून मुले आश्विनात दारोदार फिरतात, अर्थाचा पत्ता नसलेली हास्यकारक गाणी म्हणत धान्य-पैसा मागतात. दुसऱ्या बाजूने मुलींची झाँझी निघते. शरद पौर्णिमेस दोघांचा विवाह लागतो, आणि विवाह लागताच टेसू फोडला जातो. महाभारतातील युद्धाआधीच शिर गेलेल्या वीराची कथा या बाहुल्याशी जोडलेली आहे. आमच्या मराठी घरांतील मुली भोंडल्याचा फेर धरीत असताना शेजारच्या मुलांचा टेसू आमच्याही ओसरीवर येई, आणि आम्ही त्याला पोटभर हसत असू. मृत्यू आणि विनोद यांची ही जोडी संगणकाने प्रथम जुळविलेली नाही.

तथापि या उदाहरणांत आणि यशोधराच्या कोंबड्यात मोठे अंतर आहे. कोहळा आला तो पशूला वाचविण्यासाठी. तो देणाऱ्याच्या मनात पशू मारण्याची इच्छा उरलेली नसते, म्हणून तो कोहळा खरोखरच कोहळा असतो. महाभारताच्या शांतिपर्वात 'अज' या शब्दाचा अर्थ धान्यबीज की बोकड, असा ऋषी आणि देव यांचा वाद आहे. उपरिचर वसूने देवांची बाजू घेऊन बोकड म्हटले आणि त्याचे पतन झाले. धान्याला बळीचा मान देणारी ही परंपरा करुणेचीच आहे. टेसूचे म्हणाल, तर मुले त्याला महिनाअखेर फोडतात खरी, परंतु त्याआधी त्याला मिरवितात, त्याचे लग्न लावतात, त्याच्यासाठी गाणी रचतात. फोडणे हा तेथे निरोप असतो. वस्तू निर्जीव खरी, पण तिच्याभोवती माणसे एकत्र आलेली असतात.

म्हणून आजींच्या प्रश्नास आमचे पहिले उत्तर असे: पाप की निष्पाप, हे जळणाऱ्या वस्तूवरून ठरत नाही. जाळणाऱ्याला त्यातून काय हवे आहे, यावरून ते ठरते. ज्याला किंचाळीच हवी आहे, दुबळ्याला छळण्याचे सुख शिक्षेवाचून हवे आहे, त्याच्यासाठी पडद्यावरील बाहुली हा पिठाचा कोंबडाच आहे. ज्याला सूचक नावातील कोडे उलगडावयाचे आहे, त्याच्या हातून तशी हिंसा घडत नाही. दोघांच्या पडद्यावर ज्वाळा मात्र सारखीच दिसते. मागे उभे राहणाऱ्याला ती पाहून निवाडा करता येणार नाही. निवाडा त्या मुलाचा त्यानेच करावयाचा आहे, आणि तो करावयास त्याला शिकविणे हे आपले काम आहे.

आम्ही हे उत्तर आजींना सांगितले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "पण रोज रोज ऐकून त्याला ते ओरडणं ऐकू येईनासं झालं तर?"

या प्रश्नाने आमचे उत्तर अपुरे ठरविले, हे आम्ही मान्य करतो. संकल्प शुद्ध असला तरी सवय आपले काम करीतच असते. पहिल्या दिवशी जी किंचाळी ऐकून हसू आणि दचकणे एकदम येते, ती विसाव्या दिवशी केवळ एक आवाज होते. दचकणे गेले आणि हसू उरले, तर काहीतरी हरवले असे समजावे. भयंकर विनोदाचा सारा प्राण त्या दचकण्यात आहे. ज्याला वेदना ठाऊक आहे तोच त्या विनोदाला हसू शकतो. ज्याची जाणीव बधिर झाली, त्याला विनोदही कळत नाही, त्याला केवळ जाळ दिसतो. म्हणून मुलाला हसू नकोस असे सांगण्यापेक्षा, तुला अजून दचकावयास होते का, असे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

येथवर आम्ही मुलांविषयी बोललो. परंतु हा खेळ शेवटपर्यंत पाहिल्यावर आमची खात्री झाली, की त्यातील थट्टा मुलांची नाही, आपली आहे. त्यातील क्रूरता हा वरचा रंग आहे. खालचा रंग वेगळा. यादी पाहणे, मागविणे, वाट पाहणे, आल्याबरोबर संपविणे, आणि त्यातून जे मिळाले त्याने पुन्हा मागविणे, हे चक्र कोणाच्या घरी नाही? दिवाळीच्या त्याच आठवड्यात त्याच घराच्या दारात दूरध्वनीवरून मागविलेल्या वस्तूंची खोकी किती आली, हे आम्ही पाहिले आहे. आमच्या स्वतःच्या घरची खोकीही आम्ही मोजली, आणि मोजून गप्प राहिलो. त्यांतील किती वस्तूंची गरज होती? किती वस्तूंची मौज खोके उघडण्यापुरतीच होती?

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कामाला कधीही न भरणाऱ्या अग्नीची उपमा दिली आहे. आदिपर्वातील ययातीने पुत्राचे तारुण्य उसने घेऊन दीर्घकाळ भोग भोगले, आणि शेवटी त्याला कळले ते हेच, की आहुतीने आग विझत नाही, वाढते. या खेळाच्या कर्त्यांनी ययातीचे नाव ऐकले असेल वा नसेल. परंतु टाकलेल्या वस्तूहून अधिक नाणी देणारी ती शेगडी ययातीने तत्काळ ओळखली असती. यशोधराला हिंसेवाचून बळीचे फळ हवे होते. आपल्याला काटकसरीचे समाधान हवे असते, आणि मागविणे मात्र सोडवत नाही. आपलाही कोंबडा पिठाचाच आहे.

'हा खेळच नव्हे, यात वेळ फुकट जातो' असे म्हणणाऱ्या खेळाडूंची तक्रार म्हणूनच आम्हांला सर्वांत बोलकी वाटली. वेळ फुकट जात असल्याचे त्यांना तेथे चार घटकांत जाणवले. आपल्याला ते जाणवावयास कधीकधी चाळीस वर्षे लागतात. ज्या खेळाने कंटाळा आणून माणसाला उठावयास लावले, त्याने त्याचे नुकसान केले असे आम्हांस म्हणवत नाही.

या सर्वाचा अर्थ असा नव्हे, की असे खेळ मुलांच्या हाती बेलाशक द्यावेत. वय पाहावे, स्वभाव पाहावा, वेळेची मर्यादा घालावी. हे सांगणे न लगे. आमची विनंती एवढीच, की निषेध करण्यापूर्वी वडील माणसांनी एक संध्याकाळ मुलाशेजारी बसून पाहावे. काय चालले आहे हे त्यालाच समजावून सांगू द्यावे. आणि आजींनी विचारला तो प्रश्न निःसंकोचपणे विचारावा. त्याचे उत्तर देता देताच मुलाला आपल्या मनात डोकवावे लागते.

सुटी संपून नातू पुण्यास परत गेला. जाण्यापूर्वी त्याने खेळ पुरा केला होता. शेवटचा प्रसंग त्याने आजींना मुद्दाम हाक मारून दाखविला. घर जळाले, मुलगा बर्फात बाहेर पडला, तेव्हा आजींनी विचारले, "आता याला थंडी वाजेल, मग हा काय करणार रे?" नातू थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "थंडी तर आधीपासूनच होती ना, आजी. आत बसून कळत नव्हती एवढंच."

आजींनी हे आम्हांला सांगितले ते कार्तिकी एकादशीच्या दिवशी, सभामंडपात वाती वळता वळता. त्यांच्या सुरात समाधान होते. लेख लिहिण्याचे आता कारण उरले आहे काय, असेही त्यांनी आम्हांला विचारले. आम्ही म्हणालो, आहे. नातवाचे उत्तर तुमच्या एकट्यांपाशी राहू नये म्हणून.